वीस मिनिटं पुढे

मी कॅमेरा बोलतोय. लाखनीला महामार्गाच्या कडेला एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात माझा मुक्काम असतो. मी बिघडलेला आहे असं या घरात समजतात. ते कितपत खरं आहे ते सांगतोच, पण आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मला जागा कळत नाही.

म्हणजे समोरचं मला सगळं दिसतं. प्रत्येक फोटोच्या पोटात मी तारीख लिहून ठेवतो, वेळ लिहून ठेवतो, भिंग किती उघडलं होतं तेसुद्धा लिहितो. पण हा फोटो पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे काढला, असं विचाराल तर मी ठार अडाणी. आजकालचे टीचभर मोबाइल आकाशातल्या उपग्रहांना विचारून ते चटकन लिहून टाकतात. मी जन्मलो तेव्हा माझ्या जातीत ती सोय नव्हती. आणि वेळ म्हणाल, तर तीही माझ्या पदरची नाही. तुम्ही सांगाल ती.

परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात मी तयार झालो, तिथलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते नागपूरच्या एका दुकानातून अश्वजितनं मला लाखनीला आणलं तेव्हापासून. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा होऊन त्या वेळी दहा वर्षं होत आली होती, तरी फॉर्मवर जिल्हा कोणता लिहायचा यावर गिऱ्हाइकं स्टुडिओत बसून वाद घालायची. अश्वजित हसायचा आणि म्हणायचा, "जिल्हा नंतर लिवा जी, पयले मान सरळ करा."

तो चांगला मालक होता. ट्रकवाल्यांचे लायसन्सचे फोटो, पोरींचे लग्नासाठी पाठवायचे फोटो, चौदा एप्रिलची मिरवणूक, विहारातली लग्नं, सगळीकडे मी त्याच्या गळ्यात असायचो. माणसांची एक गंमत मी तेव्हाच ओळखली होती. फोटो काढताना ती श्वास धरून कुणी भलतंच होऊन उभी राहतात, आणि "झालं" म्हटलं की हुश्श करून आपल्या मूळ तोंडावर येतात. अश्वजितला ते ठाऊक होतं. तो "झालं" म्हणायचा आणि मग बटण दाबायचा.

एका लग्नात मांडवाच्या कापडातून साचलेलं पाणी धो धो माझ्यावर पडलं. मी वाचलो, पण माझ्या आतली घड्याळाची बारकी बॅटरी कामातून गेली. तेव्हापासून मोठी बॅटरी काढली की मी वार, तारीख, वेळ सगळं विसरायचो, आणि पुन्हा घातली की आधी विचारायचो, आज काय तारीख, किती वाजले? अश्वजित सांगायचा आणि मी कामाला लागायचो. दुरुस्ती राहून गेली. त्यानं काही अडतही नव्हतं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. अश्वजितच्या वडिलांचे थोरले भाऊ यादोराव आणि त्यांची बायको बायजाबाई पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आंबघाट नावाच्या गावात राहत. अश्वजितचे मोठेबाबा आणि मोठीमाय. अश्वजितची आई लवकर गेली, तेव्हा मोठीमायनंच त्याला वाढवलं. गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी चढत चढत आंबघाटाशी यायला लागलं आणि सगळ्या गावानं उठायचं ठरलं. ज्याचं घर बुडणार त्याला नव्या गावठाणात घरासाठी जागा मिळणार होती, आणि जागांच्या चिठ्ठ्या वस्तीवार निघणार होत्या, म्हणजे शेजारी शेजारी राहणारे पुन्हा शेजारी येणार होते.

घरं मोजायला माणसं आली त्या आठवड्यात यादोराव आणि बायजाबाई तुमसरला होती. लेक हर्षा तिथे राईस मिलजवळ राहायची, तिचं बाळंतपण होतं. यांचं घर गावापासून जरा बाजूला, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाळीपलीकडे. दाराला कुलूप, पुढे गाईचं छप्पर, दारात कडब्याची गंजी. मोजणाऱ्यानं बाहेरूनच पाहिलं आणि कागदावर लिहिलं: गोठा. माणसाच्या तीस वर्षांच्या संसाराला दोन अक्षरं पुरली. गोठ्याला नव्या गावठाणात जागा मिळत नाही.

यादोरावांनी अर्ज केले. बायजाबाई प्रत्येक वेळी सोबत जायची आणि एकच सांगायची, "साहेब, मले बंगला नाई पाहिजे. आमच्या लोकाईत राहू द्या, येवढंच म्हणणं आहे." तिची लोकं म्हणजे विहारात संध्याकाळी वंदनेला बसणाऱ्या आठ-दहा बाया, आणि घाटावरची सखाबाई, मासेमारी करणाऱ्या धनीरामची बायको. या दोघींचं एक दिवस भांडण झालं नाही तर दोघींना जेवण जात नसे.

टेबलामागचे साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घर होतं हे दाखवा. आतून, बाहेरून फोटो आणा. पण नुसता फोटो मी कुठलाही समजू शकतो. प्रत्येक फोटोवर अक्षांश-रेखांश पाहिजे. पावसाच्या आत आणून द्या."

अश्वजितनं माझ्याकडे बघितलं. मी काय बघणार त्याच्याकडे?

भंडाऱ्याला कॉलेजात शिकवणारा भोजराज त्याचा मित्र होता. हिवाळ्यात तलावांवर पक्षी मोजत फिरायचा, आणि त्या कामासाठी त्याच्याकडे हातात मावेल एवढं जीपीएसचं यंत्र होतं. त्यानं ते अश्वजितच्या हातात ठेवलं.

"सोपं आहे बे," भोजराज म्हणाला. "हे खिशात ठेवजो. आपुन कुठी आहो ते हे दर दहा सेकंदाले लिहून ठेवते. तुहा कॅमेरा फोटो कधी काढला ते लिहिते. मग मी काँप्युटरवर दोघाईची वेळ जुळवतो आन् फोटोवर जागा चढवतो. लग्न लावल्यासारखं आहे. फक्त मुहूर्त एक पाहिजे."

"म्हंजे?"

"म्हंजे दोघाईची घड्याळं एक पाहिजेत. म्हणून पयला फोटो या यंत्रावरच्या घड्याळाचाच काढजो. मग कॅमेऱ्याची वेळ मागंपुढं असली तरी मले समजते. हे इसरू नोको."

मला त्या यंत्राचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. त्याला चेहरा दिसत नव्हता, रंग दिसत नव्हता, पण आपण कुठे आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं. आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणतात तशी आमची जोडी जमली आणि मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दोघं एकाच पिशवीतून आंबघाटला गेलो.

गाव अर्धं उठलं होतं. कौलं उतरवलेली घरं बोडक्या डोक्यानं उभी होती. विजेच्या तारा महिन्यापूर्वीच काढून नेल्या होत्या. अश्वजितच्या मोबाइलची बॅटरी वाटेतच संपली. त्यानं यंत्र अंगणात पाट्यावर ठेवलं. ते आकाश शोधत बसलं, त्याच्या काचेवर अजून वेळ उमटली नव्हती. मग त्यानं माझ्यात नवी बॅटरी घातली आणि मी सवयीप्रमाणे विचारलं, किती वाजले?

"मोठीमाय, किती वाजले वो?" त्यानं आत बघून हाक दिली.

बायजाबाई चुलीजवळून वाकली, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "सव्वा दहा."

मी सव्वा दहा लिहून घेतले.

तोवर अंगणातल्या यंत्राला उपग्रह सापडले. अश्वजित मला घेऊन त्याच्याकडे वळला, तेवढ्यात बायजाबाई पदर सावरत पुढे आली. "आधी कायचा फोटो काढतं?"

"या यंत्राचा, मोठीमाय."

"यंत्राचा? अरे घराचा शेवटचा फोटो काढून राहिला न तू? मंग पयला फोटो बुद्धाचा आन् बाबासाहेबाचा. बाकी मंग काढ."

अश्वजितनं मला तसबिरींकडे वळवलं. तिनं तसबिरी पदरानं पुसल्या, फुलं ठेवली, हात जोडून उभी राहिली. मी तो फोटो काढला. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या फोटोंपैकी तो एक आहे. त्यानंतर चूल, धानाची कोठी, सागाचे खांब, आतली खोली, न्हाणी, दाराची चौकट, चौकटीवर हर्षाच्या लग्नातले हळदीचे हात. दहा मिनिटांत बारा फोटो झाले. यंत्र अश्वजितच्या खिशात होतं, इमानदारीनं दर दहा सेकंदाला जागा लिहीत होतं. त्याच्या घड्याळाचा फोटो मात्र राहिला तो राहिलाच.

मग घाटावरून धनीरामनं हाळी दिली, "बाबू, इकडे ये! पाण्यातून गाव कसं दिसते ते घे एकडाव. पुढच्या साली कोण पाहते?" घराच्या मागच्या उतारावरून घाट पाच मिनिटांवर. धनीरामनं आम्हाला डोंग्यात बसवून नदीच्या मधोमध नेलं आणि अर्धा तास डोंगा तिथेच धरून ठेवला. मी गावाचे फोटो काढले. यादोराव काठावर उभे होते. ते हात हलवतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसतेच उभे राहिले.

भंडाऱ्याला भोजराजनं आमचं लग्न लावलं. यंत्राचं घड्याळ विलायती वेळेवर चालतं म्हणून त्यानं आठवणीनं साडेपाच तास मिळवले. "यंत्राच्या घड्याळाचा फोटो?" त्यानं विचारलं.

"राहिला. पण वेळ तिथंच पाहून लावली होती," अश्वजित म्हणाला.

भोजराज क्षणभर थांबला, पण त्याला त्याच दिवशी परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन नागपूरला जायचं होतं. बारा फोटोंना बारा जागा मिळाल्या. आकडे सगळे सारखेच दिसत होते, फरक होता तो दशांशचिन्हाच्या बऱ्याच पुढे. नकाशावर टाकून कुणी बघितलं नाही. छापलेले फोटो पावसाच्या आत टेबलावर पोचले, पोचपावती मिळाली आणि बायजाबाईनं विहारात सगळ्यांना लाडू वाटले. तिला वाटलं, झालं.

पावसाळ्यात आंबघाट पाण्याखाली गेलं. यादोराव आणि बायजाबाई तात्पुरती म्हणून लाखनीला अश्वजितच्या मागच्या खोलीत येऊन राहिली. दिवाळीच्या सुमाराला सुनावणीचं बोलावणं आलं. मी अश्वजितच्या गळ्यात होतो, त्यामुळे जे झालं ते माझ्यासमोर झालं.

साहेबांनी काँप्युटरवर नकाशा उघडला, एकेक आकडा घातला आणि पडदा आमच्याकडे फिरवला. बारा लाल ठिपके वैनगंगेच्या मधोमध बसले होते. चूल नदीत, कोठी नदीत, बुद्धाची तसबीर नदीत.

"यादोराव," साहेब म्हणाले, "पाणी भरायच्या आधीचा हा नकाशा आहे. नदीत कोणाचं घर असते का?"

यादोराव पडद्याकडे बघत राहिले. "घर आमचंच आहे साहेब. ते पाहा, लेकीच्या लग्नातले हात आहेत."

"हात असतील. पण जागा कुठं आहे? कोणत्या तरी दुसऱ्या घराचे फोटो काढून कोणी आकडे चिकटवले, असं उद्या मलाच विचारतील."

अश्वजित पडद्यावरचे आकडे हातातल्या कागदांशी पुन्हा पुन्हा ताडून बघू लागला. काय चुकलं हे त्यालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं का? नाही. मी सांगितलेली वेळ लिहिली होती. आता पुन्हा जाऊन फोटो काढायचे म्हटले तर काढायचे कशाचे? घरावर दोन पुरुष पाणी होतं.

उलगडा झाला तो लाखनीच्या याच खोलीत. बायजाबाई बोअरवेलवर पाण्याला गेली होती. अश्वजितला कुठल्याशा साखरपुड्याचे फोटो काढायला जायचं होतं. त्यानं आंबघाटहून आणून भिंतीला टांगलेल्या त्या घड्याळाकडे बघितलं आणि "उशीर झाला!" म्हणून धावपळ सुरू केली.

"कायले घाई करतं?" यादोराव खाटेवरून म्हणाले. "ते वीस मिनटं पुढं आहे. पवनीची मोटर चुकू नाई म्हणून म्याच ठेवलं होतं, हर्षा शाळेत होती तवापासून."

अश्वजित जागच्या जागी उभा राहिला. त्यानं मोबाइल बघितला, घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या घरातल्या माणसांना वीस मिनिटं वजा करायची इतकी सवय होती की ती कुणी बोलून दाखवत नसे. बायजाबाईनं काट्यांवर दिसलं ते सांगितलं. ती खोटं बोलली नव्हती. पण मी वीस मिनिटं पुढे होतो. मी चुलीसमोर लिहिलेली वेळ यंत्राच्या वहीत खरोखर उजाडली ती वीस मिनिटांनी, आणि तेव्हा ते अश्वजितच्या खिशात डोंग्यात बसलं होतं. भोजराजनं विलायतेचे साडेपाच तास बिनचूक सांभाळले आणि बायजाबाईची वीस मिनिटं सगळ्यांच्या हातून निसटली.

यादोरावांना तंत्र कळलं नसेल, पण काय झालं ते लगेच कळलं. "म्हंजे... येळ कोणाले इचारली होती तू?"

अश्वजितनं दाराबाहेर, बोअरवेलकडे बघितलं. म्हातारा समजला.

भोजराजनं वीस मिनिटं वजा करून लग्न पुन्हा लावलं. आता बाराही ठिपके बोडीच्या पाळीपलीकडे, बरोबर घरावर बसले. अश्वजित ते कागद घेऊन पळतच गेला. साहेबांनी जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवला.

"फोटो तेच?"

"तेच जी. फक्त घड्याळाची चूक होती, ती दुरुस्त केली."

"वीस मिनिटं कमी केली तर घर जमिनीवर येते. चाळीस केली तर कुठं जाईल?" साहेबांच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं. "पयल्या वेळेले हे आणलं असतं तर मी डोळे मिटून सही केली असती. आता हे बदललेले कागद आहेत. मी घेऊ शकत नाही. आणि यादी बंद झाली."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. आमचा तर झोपाही कुणी घेईना.

अश्वजित परत आला तेव्हा बायजाबाई दारातच बसली होती. त्याचं तोंड बघून तिनं जागेचं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "मंग चुकलं कोणाचं?"

यादोरावांनी खाटेवरून मान वर केली.

"कॅमेऱ्याचं," अश्वजित म्हणाला. "याचं घड्याळ बिघडलेलं आहे, मोठीमाय."

तिनं अश्वजितला जवळ बसवलं. मग म्हणाली, "बाबू, येळ तर तू मलेच इचारली होती. म्या बरोबर सांगतली होती नं?"

"अगदी बरोबर सांगतली होती. यानं धरली नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत इतकं निरखून मला कुणी बघितलं नव्हतं. मग ती म्हणाली, "नासका मेला," आणि उठून चुलीकडे गेली.

एक खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी लग्नात मिरवलो असतो तर तिनं विचारलंच असतं, हा बिघडला होता ना? म्हणून अश्वजितनं माझी बॅटरी काढली आणि मला डब्यात ठेवलं. त्यानं दुसरा कॅमेरा घेतला, तो जागासुद्धा स्वतःच लिहितो म्हणे. भिंतीवरचं घड्याळ बरोबर करायला त्यानं एकदा हात वर नेला होता. यादोरावांनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे. बरोबर केलं तर तुही मोठीमाय इचारन, काहून केलं."

यादोराव दोन वर्षांनी गेले. आंबघाटची माणसं आली होती, टेम्पो करून. सखाबाई बायजाबाईच्या गळ्यात पडून रडली आणि परतीच्या टेम्पोत बसताना म्हणाली, "येत जा वो बायजे, दुनिया का लांब आहे?" बायजाबाई तीनदा गेली. तिसऱ्यांदा सखाबाईच्या सुनेनं तिला पाहुणीसारखा चहा केला, बशीत बिस्किटं मांडून. त्यानंतर ती गेली नाही. आता ती खोलीच्या दारात बसून ट्रक बघते. संध्याकाळी वंदना एकटीच म्हणते. इथे कुणाशी तिचं भांडण होत नाही.

आठवड्यातून एकदा ती कपाट पुसते. डबा उघडते, मला बाहेर काढते, माझ्यावरची धूळ झटकते आणि मला शिव्या घालते. माझं घर बुडवलंस, माझी माणसं तोडलीस, त्या म्हाताऱ्याला परक्या गावात मारलंस. मी ऐकून घेतो. मी खणखणीत आहे, बॅटरी घालून वेळ सांगितली तर आजही फोटो काढीन. पण काढायचा नाही मला.

म्हणून तुम्हाला एक विनंती. कधी लाखनीला याल, फोटोसाठी या स्टुडिओत शिराल, आणि दारातली म्हातारी तुम्हाला डबा उघडून दाखवील. म्हणेल, "हा पाहा, यानंच केलं. म्या येळ बरोबर सांगतली होती." तुम्ही हुशार माणसं, तुम्हाला खरं काय ते आता ठाऊक आहे. तरी तिला हो म्हणा. म्हणा, हो आजी, असे कॅमेरे नासकेच असतात.